घाट चढण्याआधी वजनकाटा

मुंबईहून नाशिककडे निघालेली लांब पल्ल्याची गाडी कसाऱ्याला थांबते, तेव्हा वडापाव घ्यायला उतरलेल्या प्रवाशांपैकी फार थोड्यांचे लक्ष गाडीच्या शेपटाकडे जाते. तिथे मागून बँकर जोडले जात असतात. बँकर म्हणजे गाडीला ढकलत घाट चढवणारी जादा इंजिने. कसारा आणि इगतपुरी यांच्यामधल्या थळ घाटात रूळ सदतीसास एक या उताराने चढतात. ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर वर. सपाटीवर बावीस-चोवीस डबे आरामात पळवणारे इंजिन या चढावर एकट्याने पुरे पडत नाही. इगतपुरीला पोहोचल्यावर बँकर सुटतात आणि गाडी पुढच्या इंजिनाच्या भरवशावर मनमाडकडे निघते.

१८६५ मध्ये रेल्वे इगतपुरीला पोहोचली, तेव्हापासून प्रत्येक पिढीने या चढाला आपापले उत्तर दिले आहे. वाफेची इंजिने झाली, मग ‘खेकडा’ या लाडक्या नावाने ओळखली जाणारी विजेची इंजिने आली. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेली मध्य रेल्वेची मुंबई-निजामुद्दीन राजधानी पुढे एक आणि मागे एक इंजिन घेऊन धावू लागली. हेतू हाच की कसाऱ्याला बँकर जोडण्यात वेळ जाऊ नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या मुंबई-शिर्डी वंदे भारतने तर इंजिन ही वेगळी वस्तूच काढून टाकली. तिच्या अनेक डब्यांखाली मोटारी आहेत, त्यामुळे ती बँकरशिवाय घाट चढते.

कुटुंबासाठी कॅराव्हॅन ट्रेलर घ्यायचा आणि तो ओढायला गाडी शोधायची, तर पुढ्यात हाच प्रश्न येतो. आकडे तेवढे लहान. वजन किती, चढ किती, ओढणार कोण आणि उतारावर थांबवणार कोण? मात्र ट्रेलर बघायला गेलेले कुटुंब हे चार प्रश्न सहसा शेवटी विचारते. आधी पलंग किती रुंद, शेगडीला किती बर्नर, न्हाणीघरात गरम पाणी येते का, खिडकीला मच्छरजाळी आहे का, हे पाहिले जाते. बघू नये असे नाही, पण हा क्रम उलटा आहे.

हौसेची कॅराव्हॅन जन्मली तेव्हापासून हा मोह आहे. डॉ. गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश नौदल डॉक्टर-लेखकाने १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची गाडी बनवून घेतली आणि दोन घोडे जुंपून तो इंग्लंडमधून थेट स्कॉटलंडच्या इन्व्हरनेसपर्यंत गेला. निव्वळ हौसेखातर बनवलेली ही पहिली कॅराव्हॅन मानतात. आत महोगनीचे काम होते, पुस्तकांचे कपाट होते. घोड्यांचे मत कोणी विचारले नाही.

महाराष्ट्रात चाकांवर संसार लादून लांब जाणे नवे नाही, पण ते हौसेचे कधीच नव्हते. दिवाळीच्या सुमारास बीड आणि अहिल्यानगरच्या बाजूने ऊसतोडीला निघालेली कुटुंबे ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्यांत भांडीकुंडी, धान्य, शेळ्या आणि लेकरे घेऊन शेकडो किलोमीटर जातात. ओढण्याचे शास्त्र या राज्याला त्या रस्त्यांवरून ठाऊक आहे. ट्रॅक्टर मात्र ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने चालतो. कॅराव्हॅनवाल्या कुटुंबाला ऐंशीने जायचे असते, आणि खरी गुंतागुंत या फरकातून सुरू होते.

आता वजन. विक्रेता जो आकडा सांगतो तो रिकाम्या ट्रेलरचा. समजा, तो १,१०० किलो आहे. त्यात शंभर लिटरची पाण्याची टाकी भरली की थेट शंभर किलो वाढले, कारण लिटरला किलो हा हिशेब कोणाला चुकत नाही. घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरचे तीसेक किलो. बॅटऱ्या, इन्व्हर्टर, गाद्या, भांडी, तांदूळ-डाळ, मुलांच्या सायकली, आणि कोणीतरी ऐनवेळी आणलेली खुर्च्यांची जोडी. ट्रेलर बघता बघता दीड टनाला टेकतो. म्हणून निवड करताना रिकाम्या वजनाकडे पाहू नये. निर्मात्याने ठरवलेले कमाल भरलेले वजन पाहावे, आणि पहिल्या सहलीआधी सगळे सामान भरून एकदा वजनकाट्यावर जावे. कांदा, भात आणि ऊस यांच्यामुळे आपल्याकडे हमरस्त्याच्या कडेला काट्यांची वाण नाही. काटेवाला आधी चकित होईल, मग पावती देईल.

ओढणारी गाडी किती वजनाची हवी, यासाठी ब्रिटनमध्ये एक सोपा ठोकताळा शिकवतात. नवख्याने भरलेल्या ट्रेलरचे वजन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे. दोन टनांच्या एसयूव्हीमागे १,७०० किलोचा ट्रेलर, तोही सपाट, रुंद रस्त्यावर. सह्याद्रीत यापेक्षा बरेच खाली राहणे शहाणपणाचे. चाकणला बनणाऱ्या महिंद्रा स्कॉर्पिओ-एनचे उदाहरण बोलके आहे. २०२३ मध्ये ही गाडी ऑस्ट्रेलियात विकायला गेली, तेव्हा तिथल्या कागदांवर दोन आकडे स्पष्ट छापले गेले: ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर २,५०० किलो, नसतील तर ७५०. मेलबर्न-सिडनीकडची मराठी कुटुंबे गाडी घेताना हा आकडा आधी विचारतात, कारण तिथे तो विमा आणि पोलीस दोघेही विचारतात. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या माहितीपत्रकात मायलेज आणि सनरूफ ठळकपणे असतात. ओढण्याची मर्यादा शोधून सापडणे कठीण. ती लेखी मिळत नसेल, तर त्या गाडीमागे निवासी ट्रेलर लावू नये. शोरूममधल्या विक्रेत्याचे ‘आरामात ओढते साहेब’ हे लेखी नसते.

या दोन ठळक आकड्यांपेक्षा जास्त फसवणारा आकडा तिसराच असतो. गाडीने स्वतःच्या पाठीवर किती भार घ्यायचा, म्हणजे तिची भारक्षमता. समजा ती पाचशे किलो आहे. आजी-आजोबा, आई-वडील आणि दोन मुले मिळून साडेतीनशे किलो झाले. उरले दीडशे. ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हिचवर टेकतो, त्याचा दाबही याच खात्यातून वजा होतो. तो शंभर किलो धरला, तर डिकीतल्या सामानासाठी पन्नास किलो उरतात. बऱ्याच कुटुंबांचा हिशेब इथे कोलमडतो: गाडीत ट्रेलर ओढण्याची ताकद असते, पण माणसे बसल्यावर ट्रेलरचे तोंड पेलायला तिच्या मागच्या आसात जागा उरत नाही. मागचा आस दबतो, पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग सैल लागते आणि रात्री समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत हेडलाइट जातात.

मग दांड्यावर भार कमीच ठेवला तर? ते आणखी वाईट. बैलगाडी भरणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की धुरेजड होऊन जू बैलांच्या मानेवर बसते. ट्रेलरही किंचित धुरेजडच हवा. अमेरिकेत भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग हिचवर ठेवतात. युरोपातल्या हलक्या कॅराव्हॅनना चार ते सात टक्के पुरतात. भार आसाच्या मागे गेला, तर ठरावीक वेगानंतर ट्रेलर डावी-उजवीकडे डोलू लागतो. प्रत्येक झोक्याबरोबर डोलणे वाढते आणि शेवटी ते ओढणाऱ्या गाडीचा मागचा भाग आपल्याबरोबर फरफटवते. अशा वेळी सहजप्रवृत्ती सांगते की जोरात ब्रेक दाबा किंवा उलट स्टिअरिंग फिरवा. दोन्ही घातक. स्टिअरिंग सरळ धरायचे, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, आणि चालकापाशी ट्रेलरच्या ब्रेकचा हाताने दाबायचा कंट्रोलर बसवलेला असेल तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हलकेच लावायचा. म्हणूनच जड सामान आसाच्या वर आणि जमिनीलगत ठेवतात, सायकली ट्रेलरच्या पाठीला टांगत नाहीत.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यावरचा इगतपुरी-कसारा दरम्यानचा जुळा बोगदा पावणेआठ किलोमीटरच्या घरात आहे. जुन्या घाटरस्त्याची वळणे टळली, घाट ओलांडायला काही मिनिटे पुरू लागली. पण रुंद, सरळ रस्ता ट्रेलरसाठी वेगळ्या धोक्याचा आहे, कारण डोलण्याचे मूळ वेगात आहे. मोटारींना ताशी १२० ची मुभा असलेल्या रस्त्यावर ट्रेलरवाल्याने काय करावे, याचा दाखला जर्मनीत मिळतो. ज्या ऑटोबानच्या काही भागांवर मोटारींना वेगमर्यादाच नाही, तिथेही ट्रेलर जोडला की सरसकट ८० ची मर्यादा लागते, आणि विशेष तपासणी उत्तीर्ण केलेल्या जोडीला १०० ची. बोगद्यातून उघड्या दरीकाठी बाहेर पडताना बाजूचा वारा अचानक अंगावर येतो, शेजारून जाणारा कंटेनर आधी ढकलतो आणि मग ओढतो. उंच, सपाट भिंतीच्या ट्रेलरला हे सगळे मोटारीपेक्षा कितीतरी जास्त जाणवते.

इंजिनाचे गणित त्यामानाने सरळ आहे. २.२ टनांची गाडी आणि दीड टनाचा ट्रेलर, एकूण ३.७ टन. रस्त्याचा चढ पंधरास एक धरला, तर नुसत्या चढासाठी सुमारे २५० किलोची ओढ लागते; चाकांचा विरोध आणखी पन्नासेक किलोचा. ही ओढ ताशी ४० किलोमीटरला टिकवायला चाकांशी जवळपास ४५ अश्वशक्ती लागते. ६० ला तीच ६५ होते आणि हवेचा विरोध धरला तर ७५ च्या पुढे जाते. बोलेरो कॅम्परसारख्या दणकट पिकअपच्या इंजिनाची सगळी ताकद कागदावर साधारण ७५ अश्वशक्ती आहे. म्हणजे ती अशी जोडी चढवणारच नाही असे नव्हे. दुसऱ्या गिअरमध्ये, मागे वाहनांची रांग लावून चढवेल. लांब प्रवासाला टॉर्क कमी फेऱ्यांवर मिळणारे डिझेल इंजिन, लॅडर फ्रेम, मागच्या किंवा चारही चाकांना ताकद आणि गिअरबॉक्सचे तेल थंड ठेवण्याची सोय हवी.

मोटारीला बँकर लावता येत नाही, असे काल-परवापर्यंत म्हणता आले असते. २०२१ मध्ये जर्मनीच्या डेथलेफ्स कंपनीने चाकांना स्वतःच्या मोटारी असलेला प्रायोगिक ट्रेलर विजेच्या मोटारीमागे लावून आल्प्स ओलांडून दाखवला. ट्रेलर चढावर स्वतःला ढकलतो आणि उतारावर वीज परत साठवतो. तत्त्व वंदे भारतचे. किंमत पाहता आपल्याकडे हा ट्रेलर येईपर्यंत मुले मोठी होतील.

चढताना फजिती होते. जीव जातो तो उतरताना. इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरणाऱ्या रेल्वेगाड्यांचे ब्रेक घाटात शिरण्याआधी तपासले जातात, आणि ताबा सुटलेल्या गाडीला वळवून थोपवण्यासाठी घाटात चढत्या कॅच सायडिंगची व्यवस्था आहे. रेल्वेने इतकी धास्ती घेण्याचे कारण आकड्यांत दिसते. आपली ३.७ टनांची जोडी तीनशे मीटर खाली उतरली की सुमारे तीन युनिट ऊर्जा मोकळी होते. ती सगळी ब्रेकमध्ये गेली, तर तेवढ्या उष्णतेत नळाचे तीस लिटर पाणी उकळेल. ब्रेकचे अस्तर तापते, पकड जाते, पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. यावर उपाय दोन. एक, ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, इंजिनाने गाडी धरून ठेवायची आणि ब्रेक अधूनमधून ठाम दाबून सोडायचा. दोन, साडेसातशे किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. ट्रेलर मागून ढकलू लागला की दाबाने आपोआप लागणारे ब्रेक युरोपात चालतात; अमेरिका-ऑस्ट्रेलियात जड ट्रेलरना विजेचे ब्रेक आणि चालकापाशी कंट्रोलर असतो. शिवाय ट्रेलर हिचमधून निसटलाच, तर केबल ओढली जाऊन त्याचे ब्रेक आपोआप लागावेत अशी व्यवस्था आणि दोन सुरक्षासाखळ्या. स्थानिक गॅरेजमध्ये वेल्डिंग करून बनवलेल्या स्वस्त ट्रेलरमध्ये हे काही नसेल, तर आतल्या फर्निचरचे कौतुक करत बसू नये.

हे सगळे जमवले तरी एक प्रश्न उरतो. महाराष्ट्रात ट्रेलर घ्यावा का, की सगळे एकाच सांगाड्यावर असलेली मोटर कॅराव्हॅन बरी? ट्रेलरचा मोठा फायदा असा की मुक्कामाला तो सोडून मोटार मोकळी होते. भंडारदऱ्याला ट्रेलर लावला आणि सकाळी कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात फक्त मोटारीने गेले, हे चित्र छान आहे. पण घोटीहून भंडारदऱ्याकडे जाताना गावाच्या बाजाराच्या दिवशी एसटी समोर आली, की बारा मीटरची जोडी मागे घ्यावी लागते, आणि ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटे फिरवायचे असते. मोकळ्या मैदानात दोन-चार रविवार सराव केल्याशिवाय ते हाताला बसत नाही. पावसाळ्यात तर इगतपुरी परिसरात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. भावलीच्या धबधब्यांवर शनिवार-रविवारी दुचाकी वळवायला जागा नसते. साईडपट्टीची माती खचलेली असते. दीड टनाच्या ट्रेलरचे एक चाक तिथे रुतले तर मदतीला जेसीबीच बोलवावा लागेल.

कायद्याचेही पाहावे लागते. मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरवर दिसावा लागतो. चालत्या ट्रेलरमध्ये माणसे बसवू नयेत; तिथे ना सीटबेल्ट असतो ना धडक सोसणारा सांगाडा. आजोबांना मागे पलंगावर आडवे व्हायचे असेल, तर मुक्कामापर्यंत थांबावे लागेल. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे, आणि ७,५०० किलोपर्यंतचे वाहन हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. जुन्या ट्रॅव्हलर मिनीबसमध्ये सुताराकडून पलंग-ओटा बसवून घेण्याचा बेत असेल, तर याच कायद्याचे ५२ वे कलम आधी वाचावे: नोंदणीच्या वेळच्या मूळ रचनेत मनाजोगते फेरफार करता येत नाहीत, आरटीओची मान्यता लागते.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यात वाहनांबरोबर कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे. २०२२ मध्ये महिंद्राने आयआयटी मद्रासमध्ये आकाराला आलेल्या कॅम्परव्हॅन फॅक्टरी या कंपनीशी करार करून बोलेरो कॅम्पर गोल्डवर आधारित निवासी गाड्यांची घोषणा केली: चौघांना झोपायला जागा, जैव-शौचालय, शॉवर. भारतीय बाजार ट्रेलरऐवजी एकसंध गाडीकडे झुकतो आहे, आणि आपल्या रस्त्यांकडे पाहता हे झुकणे बरोबरच आहे. ज्या कुटुंबाकडे आधीच दमदार एसयूव्ही आहे, जे एका ठिकाणी चार-पाच दिवस तळ ठोकते आणि ज्यांच्यात गाडी मागे घेण्याचा धीर असलेला एक तरी चालक आहे, त्यांनी टनभर भरलेल्या वजनाच्या आतला, ब्रेक असलेला छोटा ट्रेलर जरूर पाहावा. रोज नवे गाव गाठणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. दोघांनीही विकत घेण्याआधी एकदा भाड्याने घेऊन, सगळ्या कुटुंबासह, घाट चढून-उतरून बघावे. पाच माणसांचे सांडपाणी आणि संडासाची टाकी कुठे रिकामी करायची, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप समोर येतो, आणि पार्कची सोय नसलेल्या ठिकाणी त्याचे उत्तर आधी फोन करूनच मिळवावे लागते. ओढ्यात सोडणे हे उत्तर नव्हे. वैतरणा आणि भातसा यांचे पाणी खाली मुंबई पिते.

शेवटची अडचण घरापाशीच. वर्षातले अकरा महिने ट्रेलर उभा कुठे राहणार? ठाण्या-मुंबईच्या सोसायटीत एका मोटारीच्या जागेसाठी सभा रंगतात. तिथे सहा मीटरच्या ट्रेलरचा विषय काढणाऱ्याने सचिवाशी आधी मैत्री करावी. काहींचे गावाकडचे अंगण कामी येते, पण तिथे ऊन आणि उंदीर दोन्ही असतात. उभ्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, नुसते म्हातारे होतात. नक्षी नवी दिसते आणि रबर आतून तडकलेले असते. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांत त्याचे वय लिहिलेले असते: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २४१७ असेल तर तो २०१७ च्या चोविसाव्या आठवड्यात बनला. सेकंडहँड ट्रेलर पाहायला गेलेल्या कुटुंबाने दार उघडायला सांगण्याआधी चाकापाशी बसून हे चार आकडे वाचावेत, आणि टायर बदलण्याचा खर्च त्याच वेळी भावातून वजा करून घ्यावा.